नवरदेव, लगाम सैल सोडा

मी घोडी बोलतेय. वरातीची घोडी. सुरतेत, नवागाम-डिंडोलीकडे तुमच्यापैकी कुणाचं लग्न झालं असेल तर कदाचित आपली भेटही झाली असेल. पण वरातीत सगळ्यांच्या नजरा वर बसलेल्याकडे असतात, नाहीतर बँडपुढे नाचणाऱ्यांकडे. खाली उभी असते ती घोडी कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून आज जरा माझं मीच सांगते.

माझा जन्म खानदेशातला, तापीकाठचा. आईच्या मागेमागे नदीवर जायचं, पाण्यात पाय आपटायचे आणि ओल्या अंगाने परत यायचं, एवढंच तेव्हाचं आठवतं. आईचं दूध सुटलं, जरा उंची आली आणि मला सारंगखेड्याच्या जत्रेत उभं केलं. तिथे माणसं येत, माझा ओठ वर करून दात बघत, पाठीवर थाप मारत, पळवून बघत आणि पुढे जात. सुरतेचे भाईदासभाईही तसेच आले. पण जाताजाता त्यांनी माझ्या कपाळावरचे केस बाजूला केले आणि स्वतःशीच म्हणाले, "पारेवडुं छे, पारेवडुं." म्हणजे कबुतर. माझा रंग तेव्हा तसाच होता, राखाडीवर पांढऱ्याची झाक मारणारा. तेव्हापासून मी पारेवी.

ट्रकमधून मी सुरतेला आले. भाईदासभाईंची जागा नवागाममध्ये एका चाळीच्या मागे होती. तीन बाजूंना भिंत, चौथ्या बाजूला फाटक आणि कोपऱ्यात पत्र्याची शेड. भिंतीपलीकडे चाळ आणि चाळीपलीकडे लूमची खाती, म्हणजे कापड विणायचे कारखाने. तिथले माग दिवसरात्र खडखडत. सुरुवातीला मला वाटायचं, एखादा मोठा घोड्यांचा कळप कधीचा नुसता पळतोय आणि तो कधी येऊन पोहोचतच नाहीये. मी सारखे कान वळवून बघायची.

भाईदासभाई वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला त्यांचा राग येईल. ते मला स्वतःच्या हाताने खरारा करत, चंदी ओली करून तोबऱ्यात भरत, माश्या बसू नयेत म्हणून शेडमध्ये धूर करत. पण घोडं कसं शिकवायचं हे त्यांना त्यांच्या बापाने दाखवलं होतं, आणि बापाला त्याच्या बापाने. पुढून अगाडीचा दोर, मागून पायाला पछाडीचा दोर, तोंडात काटेरी लगाम. ढोल वाजला की पायावर काठी बसायची, आणि पाय उचलला की लोक म्हणायचे, घोडी काय नाचते! मी नाचत नव्हते. मी पाय वाचवत होते.

त्या लगामाचं सांगते. लोखंडाच्या कांबीला आतून बारीक दाते असतात. हात हलका असला तर कळतही नाहीत. पण वरातीत हात कुणाचा असतो? ज्याने उभ्या आयुष्यात घोड्याला हात लावलेला नाही त्याचा. डोक्यावर फेटा, तोंडावर मुंडावळ्या, अंगात सूट, आणि पोटात भीती. भ्यालेला माणूस जे हातात असेल ते घट्ट धरतो. नवरदेवाच्या हातात माझी जीभ असायची.

अशीच एक वरात डिंडोलीत होती. नवरदेव पाय आखडून बसला होता आणि दोन्ही हातांनी लगाम छातीशी ओढून धरला होता. मी मान वर केली की तो आणखी ओढायचा. आम्हा घोड्यांना दोन्ही बाजूंचं दिसतं, पण अगदी शेपटीमागचं दिसत नाही. तिथेच कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. पुढे जायला लगाम नको म्हणत होता, मागे आग होती. मी वर गेले, थेट मागच्या दोन पायांवर. नवरदेव खाली पडला आणि त्याचा हात मोडला. मी माणसं, खुर्च्या, सरबताची गाडी, सगळं उधळत पळाले. तोंडातून रक्त येत होतं आणि गळ्यातली झेंडूची माळ गुडघ्यांत अडकत होती.

त्यानंतर मला कुणी बोलावेना. भाईदासभाईंनी आणखी जड लगाम आणला, पछाडीचा दोर आखूड केला. मग मीही चावायला शिकले. भिंतीच्या पलीकडे चाळीत उषाबाई राहायची. तिने सासूचं लुगडं माझ्या भिंतीवर वाळत घातलं आणि मी ते ओढलं. ती सोडवायला आली तर मी तिच्या दंडाला दात लावले. चांगले लावले. तिने भिंतीवरून मला अशा शिव्या दिल्या की चाळीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आणि त्याच वर्षी, गणपती उठल्यावर, शहरात ती साथ आली.

तुम्हाला ती आठवत असेल. चौऱ्याण्णव साल. सगळे तोंडाला रुमाल बांधून फिरत होते, प्लेग-प्लेग म्हणत होते. डोक्यावर गाठोडी, काखेत पोरं, स्टेशनकडे नुसती रीघ लागली होती. एक दिवस लूमची खाती बंद पडली. इतकी वर्षं पळणारा तो कळप अचानक थांबला, आणि मला पहिल्यांदाच माझा स्वतःचा श्वास ऐकू आला.

भाईदासभाईंनी बायकोमुलांना टेम्पोत बसवलं. ते कामरेजच्या पुढे, सासरवाडीला निघाले होते. जाताना भिंतीजवळ येऊन त्यांनी उषाबाईला हाक मारली.

"उषाबेन, तुम्ही नाही जात?"

"कशी जाऊ? सासूबाईंचा खुबा मोडलाय. हलवता येत नाही त्यांना. हे पोरांना घेऊन गावी गेले."

"मग एक काम करा ने बेन. या पारेवीला भिंतीवरून कडबा टाका, पाणी नळीने सोडा. पण पासे नै जतां हां, जवळ नाही जायचं! लात मारहे!" भाईदासभाई सुरतचेच. त्यांची मराठी अर्धी अशीच गुजराती असायची.

"मला सांगता? दंडावर तिच्या दातांची माळ आहे माझ्या."

भाईदासभाई गेले. मी पुढून-मागून बांधलेलीच राहिले.

उषाबाई सकाळ-संध्याकाळ भिंतीवरून कडबा टाकायची आणि हात झटकून पळायची. दारात खाटेवर पडलेली तिची सासू धुरपदाबाई तिथूनच विचारायची, "खादं का तिनी?" उषाबाई म्हणायची, "खादं माय, खादं." अहिराणीतलं ते बोलणं कानावर पडलं की मला बरं वाटायचं. मी जन्मले तिथे माणसं तशीच बोलायची.

मग एके दिवशी घोटाळा झाला. कुत्री भांडत भांडत फाटकाखालून आत आली. मी बिचकले, फिरले, आणि पछाडीचा दोर पायाला दुहेरी वेढला गेला. जितकी ओढले तितका तो आवळत गेला. संध्याकाळपर्यंत पाय सुजून दगडासारखा झाला. मी कडब्याला तोंड लावलं नाही. उषाबाईने भिंतीवरून वाकून पाहिलं, आणि ती बराच वेळ तशीच वाकून उभी राहिली.

"तू बी एकलीच ऱ्हायनी का माय?" ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती फाटकातून आत आली. हातात विळा होता.  ती थोडी पुढे आली. मी कान मागे पाडले. माणसाच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की नको, येऊ नकोस. आजवर जेव्हा जेव्हा मी कान पाडले तेव्हा काठी पडली होती, नाहीतर शिवी.

उषाबाई मागे सरकली.

भीतीनेच सरकली. पण सरकली. मी कान वर केले. ती थांबली. पुन्हा जरा पुढे आली. मी पुन्हा कान पाडले आणि ती पुन्हा मागे गेली. असं कितीतरी वेळ चाललं. मी जन्मल्यापासून "नको" म्हणत आले होते, आणि ते ऐकणारं पहिलं माणूस मला भेटलं होतं. ज्याला आपण नको म्हणू शकतो, त्याला ये म्हणायला भीती वाटत नाही. उन्हं वर येईपर्यंत ती माझ्या खांद्याजवळ होती.

"माले बी भ्याव वाटस, तुले बी वाटस," ती म्हणाली. "मंग आते करो काय?"

आणि तिने मोठा श्वास सोडला. तो श्वास सुटताना मी ऐकला आणि माझी मान आपोआप खाली आली. ती खाली बसली. माझ्या मागच्या पायाशी, जिथे शहाणा माणूस कधी बसत नाही तिथे. विळ्याने दोर हळूहळू कापला. दोर सुटला तेव्हा पायात अशी कळ गेली की लाथ अगदी खुरापर्यंत आली होती. मी ती खाली ठेवली.

उषाबाई उठली, पाठ फिरवून फाटकाकडे चालू लागली. पाय मोकळे झाले की घोड्याने काय करावं? पळावं. फाटकही उघडंच होतं. पुढचा दोर तिने आधीच सोडला होता. पण मी लंगडत लंगडत तिच्या मागे निघाले.

भिंतीपलीकडून धुरपदाबाईला खाटेवरून फाटक दिसायचं. ती ओरडली, "उषा! मांगे देख! ती तुना मांगे मांगे येस!"

उषाबाई जागच्या जागी गोठली. "काय करू, आत्याबाई?"

"काही करू नको. चालत ऱ्हाय."

ती चालली, मी चालले. ती थांबली, मी थांबले. ती वळली आणि मला एवढं जवळ बघून तिने किंकाळी फोडली, तशी मी चार पावलं मागे उडाले. मग दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो, आणि उषाबाई हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. एवढ्या रिकाम्या, घाबरलेल्या शहरात त्या दिवशी तेवढाच एक हसण्याचा आवाज होता.

त्यानंतर ती रोज यायची. पायावर हळद-तेल चोळायची. साड्यांना टिकल्या लावायचं तिचं काम बंद होतं, तिलाही वेळ होता. तिला घोड्यांमधलं काही येत नव्हतं, म्हणून ती मलाच विचारायची. छातीवर बोट टेकवायची आणि मी मागे सरकले की लगेच बोट उचलायची. मग नुसतं बोट दाखवलं तरी मी सरकू लागले. ती खांदा वळवायची, मी वळायची. मी चुकले तर ती थांबायची आणि पुन्हा सांगायची. तिचंही चुकायचं. एकदा पालिकेची माणसं पावडर मारायला आली, त्यांच्या पंपाचा फुसकारा ऐकून मी उधळले आणि तिला भिंतीवर आदळलं. तिने रागाच्या भरात हातातली बादली माझ्या तोंडावर मारली. पुढे बरेच दिवस तिला बादली दारातच ठेवून रिकाम्या हाताने माझ्याकडे यावं लागलं. ती आली. कंटाळली नाही.

हळूहळू माणसं परतू लागली. एका दुपारी लूम पुन्हा खडखडू लागले. निंबा, म्हणजे उषाबाईचा नवरा, पोरांना घेऊन आला आणि बायको घोडीच्या गळ्यात हात टाकून उभी पाहून दारातच थबकला.

आणि मग भाईदासभाई आले.

त्यांनी फाटक उघडलं आणि मला मोकळी पाहिली. "उषाबेन! हटी जाव! छूटी छे ती!" त्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली. मी शेडच्या भिंतीला जाऊन चिकटले. डोळ्यांतलं पांढरं दिसू लागलं असणार.

उषाबाई मध्ये आली. "भाईदासभाई, काठी खाली ठेवा."

"अरे, मारेल ती!"

"ती भ्यालीय. तुम्ही पण भ्यालात. काठी ठेवा आणि जरा मागे सरका."

"घोड्यापुढे मागे सरकू? माझे बापा सांगायचे, एकदा मागे सरकलास तर घोडं डोक्यावर बसतं."

"मी महिनाभर मागे सरकतेय," उषाबाई म्हणाली. "बसलीय का माझ्या डोक्यावर?"

ती पाठ फिरवून चालू लागली. मी भिंत सोडली आणि तिच्या मागे गेले. दोर नाही, लगाम नाही. भाईदासभाईंच्या हातातली काठी कधी खाली आली ते त्यांनाही कळलं नाही.  मग खालच्या आवाजात म्हणाले, "उद्या पलसाण्याकडचा वीटभट्टीवाला येतो आहे हिला न्यायला. बोलणं झालंय माझं."

उषाबाईचा हात माझ्या मानेवर घट्ट झाला. भट्टीवरचे घोडे मी जत्रेच्या वाटेवर पाहिले होते. विटांचं ओझं ओढून त्यांचे डोळे विझलेले असतात.

"त्याला नाही म्हणा."

"नाही म्हणून काय करू बेन? हिच्यावर बसणार कोण? सगळ्या नवागामला माहीत आहे, नवरदेवाला पाडणारी घोडी."

"लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतील. तोवर ठेवा. नाही जमलं तर न्या."

भाईदासभाईंनी लगाम उचलला. "पण हा काटा मी सोडणार नाही. काट्याशिवाय वरात धरता येत नाही."

"दाखवा." उषाबाईने कांब त्यांच्या हातातून घेतली आणि त्यांच्याच तळहातावर ठेवली. "मूठ बंद करा." त्यांनी केली. तिने लगामाला एक झटका दिला, अगदी नवरदेव देतात तसा. भाईदासभाईंनी हात उघडला. दाते तळहातावर उमटले होते. त्या माणसाने वर्षानुवर्षं तो लगाम धरला होता, पण नेहमी दुसऱ्या टोकाने. त्यांनी तो परत शेडमध्ये टांगला नाही.

वीटभट्टीवाला आला आणि चहा पिऊन गेला.

मग आमची तिघांची शाळा सुरू झाली. सगळ्यात अवघड विद्यार्थी भाईदासभाई. उषाबाई त्यांना भिंतीला पाठ लावून गप्प बसायला सांगायची. पण गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. ते विडी पेटवायचे, खोकायचे, मला हाक मारायचे, उठायचे. मी लांबच राहायची. पहिल्या दिवशी मी गेलेच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एकदा ते तसेच बसल्या बसल्या दमून झोपले, तेव्हा मी जाऊन त्यांची टोपी हुंगली. जाग आली तेव्हा माझं नाक त्यांच्या कपाळाला लागलं होतं. ते हलले नाहीत. नुसते पुटपुटले, "पारेवडी मारी." त्यांच्या अंगाला तोच चंदीचा आणि धुराचा वास होता. मला तो आवडायचाच.

आवाजाची सवय तर मोठी गंमत होती. भाईदासभाई रेल्वेरुळाकडच्या मोकळ्या मैदानात पार लांब जाऊन पत्र्याचा डबा बडवायचे. इकडे उषाबाई माझ्याजवळ उभी. मी कान टवकारले की ती नुसती थांबायची. मी मान खाली घालून ओठ चघळले की ती हात वर करायची आणि तिकडे डबा बंद. म्हणजे शांत झालं की आवाज थांबतो, पळून नाही. हे मला कळलं तसे भाईदासभाई जरा जवळ येऊन बडवू लागले. मैदानात पतंग उडवणारी पोरं विचारायची, "काका, शुं थयुं तमने?" ते म्हणायचे, "शाळेत नाव घातलंय."

साध्या कांबीचा लगाम चढला. भाईदासभाई माझ्या पाठीवर बसले. नजर वळवली की मी वळायची, श्वास सोडून खोगिरात जड झाले की मी थांबायची. सगळं जमलं. पण ते दोघेही एका गोष्टीवर येऊन अडले.

"आपण शिकलो," भाईदासभाई म्हणाले. "पण वर बसणार नवरदेव. तो कुठे शिकलाय?"

उषाबाईने विचार केला. "मग त्यालाही बोलवा. लग्नाच्या आदल्या दिवशी."

लोक हसले. घोडीला भेटायला नवरदेवाने जायचं? पण चाळीतच वत्सला नावाची बाई राहायची. तिच्या मुलाचं, भूपेंद्रचं लग्न ठरलं होतं. ती साधी माणसं, आणि वत्सलाने साथीच्या दिवसांनंतर भिंतीवरून आम्हा दोघींना रोज पाहिलं होतं. तिने मुलाला धाडलं.

भूपेंद्र हळदीच्या अंगाने आला. हसत, विनोद करत, खिशात हात घालून. "काय मॅडम, लायसन मिळेल का?" मी मान वळवून पलीकडे गेले.

"ती गेली," उषाबाई म्हणाली.

"का? मी तर काहीच केलं नाही."

"तुम्ही वरून हसताय आणि आतून घाबरलाय. तिला दोन्ही एकदम ऐकू येतं. कुठलं खरं ते कळत नाही तिला."

 भूपेंद्रने खिशातून हात काढले. जरा वेळाने म्हणाला, "खरं सांगू वहिनी? त्या डिंडोलीच्या वरातीत मी नाचत होतो. त्याचा हात मोडताना पाहिलाय मी. मी आईला म्हटलं होतं, घोडी नको, मारुती व्हॅन आणा."

"मग हे तिलाच सांगा."

त्याला लाज वाटली. इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्याकडे तोंड करून, अगदी हळू, तो म्हणाला, "मला तुझी भीती वाटते." आणि खांदे खाली पडले, श्वास सुटला. आता तो आत-बाहेर एकच माणूस होता. मी गेले. त्याच्या हळदीच्या हाताचा वास घेतला. उषाबाईने त्याला लगाम धरायला शिकवलं. "चिमणीचं पिल्लू धरल्यासारखा. आणि काहीही झालं, काहीही, तर ओढायचं नाही. सैल सोडायचा. मानेवर हात ठेवायचा."

"सैल सोडला तर पळेल ना?"

"पळायला जागा असली की ती थांबते," उषाबाई म्हणाली. तिला हे शब्द कुणी शिकवले नव्हते. तिने ते उघड्या फाटकापाशी पाहिलं होतं.

वरात निघाली तेव्हा नवागामचा सगळा रस्ता माणसांनी भरला होता. नाचणारे कमी आणि बघणारे जास्त होते. मी आज काय करते ते बघायला आले होते सगळे. बँड वाजला. माझ्या पोटाला घाम सुटला, पण मी चालले. एका बाजूला भाईदासभाई मोरकीचा दोर धरून. उषाबाई बायकांच्या घोळक्यात, नवं लुगडं नेसून, तोंडात पदराचं टोक धरून.

चौकात वळताना कुणीतरी माळ लावली. पुन्हा माझ्या मागेच. जिथे मला दिसत नाही तिथे.

सगळं अंग आकसलं. मान वर गेली, पुढचे पाय जमिनीवरून हलके झाले. लोक ओरडत मागे पळाले. मी कडेला भाईदासभाईंची मूठ पाहिली. दोरावर आवळत चाललेली ती जुनी मूठ. त्यांच्या बापाची, त्यांच्या बापाच्या बापाची.

आणि ती मूठ उघडली.

त्याच क्षणी पाठीवरचं वजन बदललं. भूपेंद्रने श्वास सोडला, इतका मोठा की तो बँडच्या आवाजातही मला कळला. लगाम माझ्या मानेवर सैल पडला. एक हात आयाळीत आला. "मला पण भीती वाटतेय," तो म्हणाला, "थांब. दोघे थांबू."

मागे फटाके फुटत होते. पुढे रस्ता मोकळा होता. मी जागच्या जागी एक फेरी घेतली, त्या आवाजाकडे तोंड केलं, आणि त्याच्याकडे बघत उभी राहिले. पाय थरथरत होते, पण चारही जमिनीवर होते. शेवटचा फटाका फुटला. धूर निवला. मी मान खाली घातली.

 मग बँडमधल्या पिपाणीवाल्याने जी तान मारली, तिच्यावर सगळा रस्ता नाचला. भाईदासभाई माझ्या गळ्यात तोंड खुपसून रडत होते आणि लोकांना सांगत होते की धूर गेला डोळ्यात.

त्या वर्षापासून नवागाममध्ये रीतच पडली. नवरदेवाला हळद लागली की तो आमच्या फाटकाशी यायचा. काही आठ्या घालत आले, काही मित्रांना घेऊन मस्करी करत आले. डॉक्टर आला, लूमवाला आला, एक पोलीसही आला. तो सगळ्यांत जास्त घाबरलेला. उषाबाई सगळ्यांना तेच सांगायची, लगाम सैल सोडा. त्यांतले काही पुढे बायकोला घेऊन मला भेटायला आले. एका सुनेने माझ्या कानात सांगितलं, "घोडीनं माझ्या माणसाला बरं शिकवलंय, ऐकून घेतो." मला त्याचा फार अभिमान वाटला.

आता मी पूर्ण पांढरी झालेय. डाव्या डोळ्याने धूसर दिसतं, गुडघे थंडीत धरतात. सहस्रक संपत आलं म्हणे. वराती आता फुलांनी सजवलेल्या गाड्यांतून निघतात. माझं काम बंद झालं, पण मला कुणी हलवलं नाही. उषाबाई टिकल्यांचं काम घेऊन माझ्या सावलीत बसते. धुरपदाबाई गेल्या वर्षी वारली, तेव्हा उषाबाई माझ्या मानेला धरून खूप रडली. मी उभी राहिले. तेवढंच मला येतं आणि तेवढंच तिला हवं होतं.

भाईदासभाईंनी यंदा जत्रेतून एक शिंगी, कोवळी घोडी, आणलीय. तांबूस, बारीक पायांची, कुणाच्या तरी काठीखालून आलेली. आल्या दिवसापासून ती पलीकडच्या कोपऱ्यात चिकटून आहे. माणूस दिसला की कान पाडते. भाईदासभाईंचे केस माझ्यासारखेच झालेत. ते रोज दुपारी आत येतात, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसतात आणि वाट बघतात. विडी नाही, हाक नाही. माश्या बसतात त्यांच्या नाकावर, तरी हात उचलत नाहीत.

माझ्या मुलांनो, कधी घोड्यावर बसायची वेळ आली, किंवा नुसतं कुणा भ्यालेल्याजवळ जायची वेळ आली, तर एवढं करा. त्याने नको म्हटलं की एक पाऊल मागे या. तो कान वर करेपर्यंत थांबा. मग जा. माझं एवढंच मागणं आहे. बाकी मला सगळं मिळालं.

आता मला बोलू देऊ नका, कारण तिकडे बघा. शिंगीने कोपरा सोडलाय. एक पाय पुढे टाकतेय, थांबतेय, पुन्हा टाकतेय. भिंतीवरून उषाबाई ओठांवर बोट ठेवून खुणावतेय, वळू नका, वळू नका. भाईदासभाई वळत नाहीत. डोळे मिटून बसलेत. शिंगीने मान लांब केली आणि त्यांच्या पाठीवर, सदऱ्याला, अगदी हलकं नाक टेकवलं.

त्यांनी श्वास सोडला. तो मला इथपर्यंत ऐकू आला.